सुधाकराजवळ सिंधू होती

मराठी साहित्यातल्या व्यसनाधीन माणसाचे नाव सांगा म्हटले, की पदव्युत्तर वर्गातला विद्यार्थी फारसा विचार न करता 'सुधाकर' असे उत्तर देतो. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि महिन्याभरातच गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला' रंगभूमीवर आणले. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे आपण हे नाटक पाहतो, वाचतो आणि शिकवतो आहोत. सुधाकराची शोकांतिका स्वभावातून येते की परिस्थितीतून, तळीरामाचा विनोद नाटकाच्या गाभ्याला पोषक की मारक, सिंधूचे पातिव्रत्य आदर्श की अतिरेकी, हे प्रश्न परीक्षेत आलटूनपालटून येत असतात. एक प्रश्न मात्र सहसा येत नाही. आर्यमदिरामंडळाच्या बैठकीत एकही स्त्री नाही. नाटकातल्या स्त्रिया आहेत त्या पेल्याच्या पलीकडे, घरी. वकिलाची पत्नी असून दळण दळायची वेळ आलेली सिंधू आणि तळीरामाच्या संसारात होरपळलेली गीता. व्यसन पुरुषाचे आणि त्याची झळ सोसत दाराशी उभी राहणारी स्त्री, या गृहीतावर नाटकातली सगळी करुणा उभी आहे. पेला सिंधूच्या हाती असता तर जात्याशी बसून तिची वाट पाहणारा सुधाकर गडकऱ्यांना कल्पिता आला असता काय?

हा प्रश्न केवळ नाट्यसमीक्षेचा असता तर येथेच सोडून देता आला असता. परंतु तुरुंगातून सुटणाऱ्या स्त्रियांविषयी आपल्याकडे वेळोवेळी जो विचार झाला आणि जे नियम केले गेले, त्यांचा इतिहास पाहू लागलो की हेच गृहीत तेथेही ठाण मांडून बसलेले आढळते. सुटकेनंतर स्त्रीने जायचे ते कोणाच्या तरी घरी, कोणाच्या तरी हाती. आपल्या बोलण्यातही हा भेद आहे. पुरुष 'सुटून आला' असे आपण म्हणतो. बाईच्या बाबतीत 'तिला कोणी सोडवून आणले?' असे विचारतो. आता व्यसनाचा पहिला घाव पडतो तो नेमका नात्यांवर. म्हणजे सुटकेच्या तयारीची जिला सर्वाधिक गरज, तीच स्त्री या व्यवस्थेतून पहिल्या पायरीलाच वगळली जाते. प्रस्तुत लेखात या वगळण्याचा इतिहास तपासायचा आहे, आणि तोही धाराशिव जिल्ह्याच्या बाजूने. २०२३ पर्यंत अधिकृत दप्तरी उस्मानाबाद म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हा निवडण्याचे कारण लेखाच्या अखेरीस स्पष्ट होईल.

तुरुंगात गेलेली स्त्री मराठी विचारविश्वात प्रथम ठळकपणे येते ती एकोणिसाव्या शतकात, आणि ती येते शिक्षेच्या क्षणी. जोतीराव फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्यामागे काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेची हकीकत होती. फुल्यांचे स्नेही गोवंडे यांच्याकडे स्वयंपाकाला असलेल्या या बाईने फसवणुकीतून जन्मलेले मूल मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पुढे १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अशाच गुन्ह्यासाठी फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी करण्यात आली. या खटल्यावर वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जी टीका झाली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिले. मराठी स्त्रीवादी गद्याचा प्रारंभ अशा रीतीने एका कैदी स्त्रीच्या निमित्ताने झाला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. परंतु या स्त्रियांचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या वाङ्मयात नाही. तो असणे शक्यही नव्हते. काळ्या पाण्याहून परत येणे हे त्या काळच्या कल्पनेत बसणारे नव्हते.

अंदमानात मात्र सरकारने एक व्यवस्था केली होती आणि ती बोलकी आहे. काही वर्षे शिक्षा भोगलेल्या स्त्री कैद्याला, स्वतः कमावून वेगळे राहण्याची परवानगी मिळालेल्या पुरुष कैद्याशी लग्न करता येई. लग्न झाले की ती बराकीतून बाहेर पडून नवऱ्याच्या झोपडीत जाई. म्हणजे वसाहतीच्या सरकारने स्त्री कैद्याच्या पुनर्वसनाचा जो पहिला मार्ग आखला तो विवाहाचा होता. पुरुषाला शेत, पेठेतले काम किंवा परवाना, स्त्रीला नवरा. पुढे स्वतंत्र महाराष्ट्रात शासकीय महिला राज्यगृहांतून निराधार स्त्रियांची लग्ने लावून देण्याची जी प्रथा दिसते, तिच्यामागचा हेतू निःसंशय वेगळा आणि सद्भावनेचा होता. तरीही बाई बाहेर पडायची ती कोणाच्या तरी हाती सोपवूनच, ही चौकट मोडलेली नव्हती.

तुरुंगाचे काम केवळ शिक्षा देणे नसून माणूस सुधारणे हे आहे, हा विचार आपल्याकडे सरकारी पातळीवर ठसठशीतपणे मांडला गेला तो १९१९-२० च्या तुरुंग समितीत. अलेक्झांडर कार्ड्यू हे तिचे अध्यक्ष. त्या विचाराचे महाराष्ट्रातले सर्वांत सुंदर फळ म्हणजे औंध संस्थानातले स्वतंत्रपूर. आटपाडीजवळ १९३९ मध्ये सुरू झालेल्या या खुल्या वसाहतीत कैदी भिंतीविना राहत, शेती करत. या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा जेलर. या चित्रपटातली स्त्री खेळणी विकत येते आणि त्या रुक्ष माळावर थोडा ओलावा आणून जाते. ती कैदी नाही. स्वतंत्रपुरात कैद्याला आपले कुटुंब आणून राहता येई, हा त्या प्रयोगाचा मोठेपणाच होता. पण त्याचा अर्थ असाही होतो, की सुधारणाऱ्या पुरुषाच्या शेजारी त्याची बायको उभी आहे हे तेथेही धरून चाललेले होते. स्वतंत्रपूर हे एका अर्थी सुधाकर आणि सिंधू यांचे सुखान्त रूप आहे.

चित्रपटानंतर दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये, मुंबई राज्याने कैद्यांच्या संचित व अभिवचन रजेचे, म्हणजे फर्लो व पॅरोलचे नियम केले. सुटकेच्या तयारीत फर्लोला फार महत्त्व आहे. दीर्घ शिक्षा भोगणाऱ्या माणसाने मधूनमधून बाहेरच्या जगात जाऊन यावे, त्याची नाती तुटू नयेत, सुटकेचा दिवस एकदम अंगावर कोसळू नये, असा त्यामागचा शहाणा हेतू आहे. पण या नियमांत एक अट घालण्यात आली. रजेच्या काळात कैद्याला आपल्याकडे ठेवून घ्यायला तयार असलेला आणि जामीनकतबा लिहून देणारा नातेवाईक असल्याशिवाय फर्लो मिळणार नाही. कागदावर ही अट स्त्री-पुरुष दोघांना सारखीच आहे. व्यवहारात ती सारखी राहत नाही. तुरुंगातल्या पुरुषाची बायको, आई, बहीण पदरमोड करून भेटीला येते, वकिलाच्या पायऱ्या झिजवते. तुरुंगातल्या बाईचा नवरा पुष्कळदा दुसरे घर करतो. आणि ती दारू पिणारी असेल, तर तिला परत घेणे हे माहेरच्यांना तिच्या गुन्ह्यापेक्षाही अवघड वाटते. चोरी परिस्थितीने केली, खून रागाच्या भरात झाला, असे म्हणायला जागा असते. 'पिते' या एका क्रियापदाला आपल्या समाजात स्त्रीच्या बाबतीत कोणतेही समर्थन चालत नाही.

आता धाराशिवकडे वळू. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि आबकारी हे त्या राज्याच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. शिंदीचे आणि दारूचे मक्ते हर्रासाने जात. शिंदी ही परवान्याने, उघड्यावर विकली जाणारी गोष्ट होती आणि कष्टकरी जातींत ती पिण्याला आजच्यासारखा कलंक चिकटलेला नव्हता. सरहद्दीच्या पलीकडे सोलापुरात इंग्रजी अंमल. तेथे पुढे मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्यानंतर तो कायदा इकडेही लागू करण्यात आला. त्या कायद्याने दारू गाळणे, बाळगणे, विकणे आणि विनापरवाना पिणे, सगळेच गुन्ह्याच्या कक्षेत आणले. काळा गूळ, नवसागर, रसायनाची मडकी आणि रात्रीची भट्टी ही घरामागच्या ओढ्यातली कामे. त्यांत बायकांचे हात असत आणि छापा पडला की घरात सापडे तीही बाईच. भट्टी लावणारी बाई चव घेते, थंडीत दोन घोट घेते, आणि काही वर्षांत तिला त्यावाचून राहता येत नाही. गुन्ह्याच्या नोंदीत ती 'दारू विकणारी' असते. 'दारूच्या आधीन झालेली' म्हणून तिची नोंद होत नाही.

त्यात आणखी एक पदर मिसळला. १८७१ च्या कायद्याने अनेक जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या होत्या. शेजारच्या सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती, हजेरी होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. संशय मात्र विमुक्त झाला नाही. या समाजांतल्या स्त्रीच्या बाबतीत अडचण उलट्या बाजूने येते. तिचे आप्त तिला टाकत नाहीत. पण त्यांच्याकडे सातबारा नसतो, पक्का पत्ता नसतो, म्हणून जामीनदार म्हणून ते उभे राहू शकत नाहीत. ही अडचण किती खरी आहे ते १९७८ च्या मोतीराम खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर आले होते. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजारांचा जामीन सांगण्यात आला आणि त्याचा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून त्याची हमी नाकारली गेली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कठोर शब्दांत नापसंती व्यक्त केली. नऊ वर्षांनी, १९८७ मध्ये, याच कृष्ण अय्यरांच्या अध्यक्षतेखालील समितीने स्त्री कैद्यांविषयीचा अहवाल दिला, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एकच माणूस दोन्ही दारांशी उभा होता.

दारूखेरीज या भागातल्या बायकांचे जे खरे, रोजचे व्यसन आहे त्याला आपण व्यसन म्हणतच नाही. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मशेरी पहाटे दाताला लावली की पोट साफ होते, काम सुचते, भूक मरते, अशी समजूत आहे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे १७ टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरताना आढळल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीत दारू पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के आणि स्त्रियांचे १.६ टक्के निघाले. दारूच्या पूर्ण आधीन झालेल्या अडतीस माणसांत एकालाच काहीतरी उपचार मिळाला होता. स्त्रियांचा आकडा खरोखरच लहान आहे. पण लहान आकड्याचा एक तोटा असतो. पुरुषांच्या संख्येकडे पाहून व्यवस्था उभी राहते आणि उरलेल्यांनी तिच्यात बसून घ्यावे अशी अपेक्षा केली जाते. तुरुंगातही तसेच. २०२२ च्या अखेरीस देशातल्या ५,७३,२२० कैद्यांत स्त्रिया होत्या २३,७७२, म्हणजे शंभरात चार.

ही बाई तुरुंगाच्या दारातून आत जाते तेव्हा काय होते? १८९४ च्या तुरुंग कायद्यानुसार कैदी दाखल होताच झडती होते, निषिद्ध वस्तू काढून घेतल्या जातात आणि वैद्यकीय तपासणी होऊन प्रकृती, अंगावरच्या जखमा व खुणा आणि कोणत्या प्रतीचे काम झेपेल याची नोंद केली जाते. जखमा आणि खुणा डोळ्यांना दिसतात. रोज पिणाऱ्या शरीराची तोडमोड दिसायला वेळ लागतो. दारू अचानक बंद झाली की काही तासांतच हात थरथरू लागतात. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर भ्रम होतो, नाही नाही ते दिसू लागते आणि उपचार झाले नाहीत तर जीवही जातो. हा सगळा काळ पोलीस कोठडीचा आणि तुरुंगातल्या पहिल्या रात्रींचा. बाई बरळते, आरडाओरडा करते, तेव्हा तिला 'नाटकी' किंवा 'वेडी' ठरवणे सोपे असते, कारण 'पिणारी' हा रकाना कोणाच्या मनात नसतो. सुटकेच्या तयारीचा पहिला दिवस खरे तर हाच आहे.

कोठडीतल्या स्त्रियांचा आवाज महाराष्ट्रातून देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला तो एका पत्राने. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाचजणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. न्यायालयाने मुंबईच्या निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. देसाई यांना तुरुंगात जाऊन स्त्रियांशी बोलायला सांगितले आणि १९८३ मध्ये स्त्री आरोपींसाठी स्वतंत्र कोठड्या व कायदेशीर मदत यांविषयी निर्देश दिले. त्याच वर्षी अखिल भारतीय तुरुंग सुधारणा समितीचा अहवाल पुरा झाला. तिचे अध्यक्ष न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला हे उर्दूतले नामवंत कवी, १९६४ च्या साहित्य अकादमी पुरस्काराचे मानकरी. पुढे २००३ च्या आदर्श तुरुंग नियमावलीत एक महत्त्वाचे तत्त्व आले: सुटकेनंतरच्या आधाराची आखणी कैदी दाखल होतो तेव्हाच सुरू झाली पाहिजे, आतली देखभाल आणि बाहेरचा आधार एकमेकांपासून तोडता कामा नयेत. १९९० मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने 'प्रयास' हा प्रकल्प सुरू केला आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्ते तुरुंगात जाऊन कैदी स्त्रियांशी, त्यांच्या मुलांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलू लागले.

व्यसनमुक्तीची धारा याच काळात, पण वेगळ्या पात्रातून वाहत होती. अनिल अवचट यांनी 'गर्द' लिहिले. ब्राउन शुगरच्या विळख्यातली तरुण मुले, त्यांची टर्की, त्यांच्या चोऱ्या मराठी वाचकाने प्रथम इतक्या जवळून पाहिल्या. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले, डॉ. अनिता अवचट तेथे मानसोपचारतज्ज्ञ होत्या. एकाच येरवड्यात तुरुंग, मनोरुग्णालय आणि व्यसनमुक्ती केंद्र आहे. व्यसनी माणसाकडे गुन्हेगार म्हणून, वेडा म्हणून आणि आजारी म्हणून पाहण्याच्या तिन्ही दृष्टी अशा शेजारीशेजारी नांदतात. मुक्तांगणने एक गोष्ट फार लवकर ओळखली. माणूस केंद्रात सुधारतो आणि घरी बिघडतो, म्हणून घरालाही तयार करावे लागते. त्यांनी रुग्णमित्रांच्या पत्नींसाठी गट सुरू केला. त्याचे नाव 'सहचरी'. सिंधूला दिलेले हे नाव गडकऱ्यांच्या कल्पनेपेक्षा कितीतरी प्रगल्भ आहे, कारण त्यात सोसणे नाही, सोबत चालणे आहे. स्त्रियांसाठीचा 'निशिगंध' हा विभाग पुष्कळ वर्षांनी आला. आणि व्यसनी स्त्रीच्या नवऱ्यासाठी 'सहचरी'सारखा एखादा शब्द अजून आपल्या भाषेत रुळलेला नाही. शब्द नाही तेथे अपेक्षाही नसते.

कायद्यात मात्र एक अपवाद सापडतो, तो नोंदवायला हवा. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार, सेवनासारख्या लहान गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीला तिच्या संमतीने, शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. तिने लिहून द्यायचा बंधपत्राचा कागद 'जामीनदारासह अथवा जामीनदाराविना' असू शकतो. 'अथवा जामीनदाराविना' या दोन शब्दांत नातेवाईक नसलेल्या स्त्रीला जागा आहे. पण हातभट्टी पिणारी, चोरी किंवा मारामारीच्या गुन्ह्यात आत आलेली बाई या कलमाच्या कक्षेत येत नाही.

मग सुटकेची तयारी म्हणजे नेमके काय? २१ डिसेंबर २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांनी संमत केलेल्या बँकॉक नियमांनी स्त्री कैद्यांचा स्वतंत्र विचार केला. पंधरावा नियम सांगतो, की व्यसनाधीन स्त्रियांसाठी खास त्यांचे असे उपचार असावेत आणि त्यांत त्यांनी पूर्वी सोसलेला अत्याचार, गरोदरपण, सोबतची मुले यांचा विचार व्हावा. शेहेचाळिसावा नियम सुटकेपूर्वीच्या आणि नंतरच्या कार्यक्रमांविषयी आहे, आणि तो तुरुंगाच्या जोडीला समाजकल्याण खाते, स्थानिक गट व संस्था यांना उभे करतो. नातेवाईक हा त्याचा मुख्य आधार नाही. या तयारीची निकड किती आहे हे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या अभ्यासाने दाखवले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुटलेल्या ३०,२३७ कैद्यांचा मागोवा घेतला होता. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका सर्वसाधारण लोकांच्या १२.७ पट होता आणि सर्वांत मोठे कारण होते अमली पदार्थांचा अतिरेकी डोस. आत काही महिने काढल्यावर शरीराची सवय मोडलेली असते; बाहेर येऊन माणूस पूर्वीच्याच मात्रेने घेतो आणि मरतो. तुरुंगात आपोआप 'सुटलेले' व्यसन हे सुटलेले नसते, हे सुटणाऱ्या प्रत्येक स्त्रीला तिच्या भाषेत, सुटण्याआधी कोणीतरी सांगायला हवे.

त्यात आपल्याकडची एक विशेष अडचण अशी, की देशातल्या दर चार कैद्यांपैकी तिघे न्यायाधीन आहेत. त्यांच्या सुटकेची तारीखच ठरलेली नसते. जामिनाचा हुकूम आज संध्याकाळी आला तर आज रात्री बाई दाराबाहेर. तेव्हा 'सुटकेपूर्वी तीन महिने कार्यक्रम' ही कल्पना तिला लागू पडत नाही. तिची तयारी पहिल्या आठवड्यापासूनच चालू असावी लागते. ती तयारी मोठ्या शब्दांची नसते. आधार कार्ड कोठे आहे. शिधापत्रिकेवर तिचे नाव उरले आहे की कापले गेले. मुले कोणाकडे आहेत आणि ती तिला भेटतील का. चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी हातात आहे का. बसस्थानकापासून घरापर्यंतच्या रस्त्यात दारूचे दुकान लागते का, आणि लागत असेल तर त्या संध्याकाळी सोबत कोण असेल. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पहिली रात्र ती कोठे काढणार. गावापर्यंतचे भाडे दिले की तुरुंगाची जबाबदारी संपते. पण ज्या घराने तिला टाकले त्या घरापर्यंतचे तिकीट हे तिच्यासाठी तिकीट नव्हेच.

हे सारे खेड्यापाड्यांत कसे व्हावे, तेथे संस्था कोठे आहेत, पाठपुरावा कोण करणार, असे विचारले जाते. येथे धाराशिव जिल्हा उत्तर देतो. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या ग्रामीण नोंदणीत या जिल्ह्याचे परंडा आणि भूम हे तालुके पूर्वीपासून आहेत. १९९९ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे हे रुग्णालय यांनी, जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या सहकार्याने, उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी हाती घेतली. गावांचे ५२ गट पाडून तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांना त्यात घेतले गेले आणि आठ वर्षे त्यांचा पाठपुरावा झाला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा उस्मानाबादचे नाव जगभरच्या वैद्यकीय वाङ्मयात गेले. ऊसतोडीला सहा महिने परमुलखात जाणाऱ्या, शेतावर राबणाऱ्या, ज्या विषयाचा उच्चारही करायला लाजतात त्या विषयाच्या तपासणीला आलेल्या या बायका होत्या. सव्वा लाखांहून अधिक स्त्रियांना आठ वर्षे शोधून काढणे या मातीत शक्य झाले असेल, तर वर्षाकाठी तुरुंगातून सुटणाऱ्या मोजक्या स्त्रियांना दोन वर्षे शोधणे अशक्य आहे असे कसे म्हणता येईल?

दुसरे उदाहरण याहूनही जवळचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि 'पुनर्वसन' हा शब्द लातूर-उस्मानाबादच्या प्रत्येक घरात पोहोचला. त्या पुनर्वसनात सरकार आणि गावकरी यांच्यामध्ये बोलणी करण्यासाठी गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' नेमल्या गेल्या. घर पडलेल्या बाईची ही नातेवाईक नव्हे आणि सरकारी नोकरही नव्हे. तिच्यासोबत कचेरीत जाणारी, कागद समजावून सांगणारी गावातली बाई. याच जिल्ह्यात, तुळजापुरात, टाटा समाजविज्ञान संस्थेचे ग्रामीण केंद्र आहे. 'प्रयास' ज्या संस्थेने काढला तीच ही संस्था. त्याच तालुक्यातल्या अणदूरला गावातल्याच स्त्रियांना 'भारतवैद्य' म्हणून शिकवून आरोग्याचे काम झाले. यमगरवाडीला पारधी मुलांची शाळा उभी राहिली. सुटून येणाऱ्या स्त्रीसाठी जी माणसे लागतात ती सगळी या जिल्ह्याच्या इतिहासात वेगवेगळ्या कामांसाठी आधीच घडून गेलेली आहेत. त्यांची गाठ तुरुंगाच्या दाराशी घालून द्यायची तेवढी बाकी आहे.

त्यासाठी पहिला बदल अर्जातल्या एका रकान्यात करावा लागेल. 'ठेवून घेण्यास तयार असलेल्या नातेवाइकाचे नाव' याऐवजी 'व्यक्तीचे किंवा संस्थेचे नाव' एवढेच लिहायचे. अंदमानच्या झोपडीपासून १९५९ च्या नियमापर्यंत चालत आलेली चौकट त्या एका शब्दाने सैल होईल. ज्यांना आप्त आहेत त्यांचे काहीच बिघडणार नाही. ज्यांना नाहीत त्यांना दार उघडेल.

'एकच प्याला' पुढच्या वर्षीही आपण शिकवू. सिंधूच्या सोशिकपणावर टिपणे लिहून देऊ. त्या तासाला एवढे जरी सांगितले, की सुधाकराजवळ सिंधू होती तरी तो बुडाला, आणि सिंधूवाचून बुडणाऱ्या बायका आजही येरवड्याच्या आणि आपल्या जिल्ह्याच्या तुरुंगात असू शकतात, तर नाटकाचा अर्थ कमी होणार नाही. तो गडकऱ्यांनी थांबवला होता तेथून पुढे सरकेल.